पानच असेल

होडीत माणसं दोनच असतात, एक पुढचं आणि एक मागचं, असं विल्डा शेलेनबर्गर म्हणायची. पुढचं माणूस उभं राहतं, पायाखालच्या मोटरने होडी धारेत धरून ठेवतं, कुठल्या डोहापाशी थांबायचं ते ठरवतं आणि गळ पहिल्यांदा टाकतं. मागच्याने उरलेलं पाणी चाचपायचं, कॉफी ओतायची आणि पुढच्याचे टोमणे ऐकून घ्यायचे. जुनिआटा नदीवर हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण तो मोडलेला कुणी पाहिलेलाही नाही. होडी ज्याची, पुढची जागा त्याची. विल्डाची होडी विल्डाची होती आणि तिने तीसेक वर्षांत कुणालाही त्या जागेवर पाय ठेवू दिला नव्हता. एकदा चर्चचे पाद्री हौसेने आले होते, त्यांनाही तिने मागे बसवून कॉफी ओतायला लावली.

विल्डाचं उभं आयुष्य गार पाण्यात गेलं. लहानपणी बापाच्या गोठ्यात, मग गावाबाहेरच्या कोंबड्यांच्या कारखान्यात. तिथे दिवसभर बर्फाळ पाण्याखाली हात घालून कोंबड्यांची पोटं साफ करायची. बाकीच्या बाया हातांना गोठ्यातलं, गायींच्या सडांना लावायचं मलम चोळून चोळून रडायच्या. विल्डा म्हणायची, बरं झालं, मार्चसाठी हात तयार होतात. लग्न केलं नाही. विचारणारे दोघे आले होते. लग्नानंतर बाईने मार्च महिन्यात नदीवर जाणं बरं दिसणार नाही, असं दोघांनीही वेगवेगळ्या शब्दांत सुचवून पाहिलं. दोघांनाही तिने कॉफी पाजली आणि वाटेला लावलं. मग ती आणि तिची थोरली बहीण ऑर्फा बापाच्या घरात राहिल्या आणि रोज भांडत गुण्यागोविंदाने म्हाताऱ्या झाल्या.

आता मार्चच का, ते सांगायला हवं. उन्हाळ्यात बास मासा कुणीही धरतं. पाणी कोमट असतं, मासा भुकेला असतो, आमिष दिसलं की धावून येतो आणि काठी हातातून ओढून नेतो. त्यात काय मोठेपणा, असं विल्डाला वाटायचं. मार्चमध्ये काठावरचा बर्फ नुकता सुटलेला असतो, मेपलला जेमतेम लाल कळ्या धरलेल्या असतात आणि बास डोहाच्या तळाशी दगडाला टेकून पडून असतो. त्याला हलायचंही जिवावर येतं. त्याच्यासाठी शिशाच्या डोक्याचा छोटा गळ लागतो, हरणाच्या शेपटीचे केस बांधलेला. तो तळाला सोडायचा आणि तसाच पडू द्यायचा. हलवायचा नाही, ओढायचा नाही. प्रवाहाने ते केस जेवढे हलतील तेवढेच. मग कधीतरी मासा तोंड उघडतो आणि तो गळ आत घेतो, चहात भिजलेलं बिस्किट घ्यावं तसा. ओढ नाही, धक्का नाही. वर हाताला एवढंच कळतं की दोरीच्या टोकाला काहीतरी मऊ, ओलं, जरासं जड आलंय.

बहुतेक वेळा ते पानच असतं. शरद ऋतूत गळलेली मेपलची पानं तळाशी कुजत असतात, ती गळाला येतात. म्हणून आमच्या नदीवर मार्चमध्ये दिवसभर एकच शब्द ऐकू येतो. पान. पुढचा म्हणतो पान, मागचा म्हणतो पान, दोघं सावकाश दोरी गुंडाळतात आणि त्यातलं एखादं पान मध्येच गळ थुंकून निघून जातं. असे किती मासे पान म्हणून गेले असतील, देव जाणे. विल्डाचा मात्र नियम होता. पान वाटलं तरी हिसका मारायचा. हिसका फुकट असतो, असं ती म्हणायची, आणि फुकटची गोष्ट वापरताना कंजूषपणा करणाऱ्या माणसाने नदीवर येऊ नये.

एवढी शहाणी बाई, पण एकदा चुकली.

नोव्हेंबरातली गोष्ट. ती आणि क्लेअर एबरसोल नदीवर होते. हा क्लेअर गावातला गळ-दोरीचा दुकानदार, विल्डापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, आणि तिच्या होडीतला कायमचा मागचा. विल्डा पुढे उभी होती. एकाएकी तिचा उजवा हात मऊ पडला. दुखला नाही, कापला नाही, नुसता मऊ आणि जरासा जड झाला. काठी सुटून होडीत पडली. क्लेअरने विचारलं, काय झालं? विल्डाने हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, "काही नाही. पान."

क्लेअर हसला आणि त्याने पुन्हा गळ टाकला. विल्डा डाव्या हाताने काठी उचलून अंधार पडेस्तोवर मासे धरत राहिली. घरी आली तेव्हा तिचं तोंड एका बाजूला ओघळलेलं होतं. ऑर्फाने सूपाचं भांडं तसंच चुलीवर टाकून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, हे कधी सुरू झालं? दुपारी, असं ऐकल्यावर त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. वेळेत आणलं असतं तर एक इंजेक्शन होतं, म्हणाले.

तोंड सरळ झालं. पाय सुधारला. हातही हलू लागला, मूठ वळू लागली, पण मुठीत काय आहे ते त्या हाताला कळेना. कॉफीचा कप डोळ्यांनी बघून धरावा लागायचा. नजर हटली की कप पडायचा. गरम आणि गार यातला फरक गेला. गार पाण्यात आयुष्य काढलेल्या त्या हाताला आता गार पाणीच ओळखू येईना.

जानेवारीत ती घरी आली. मागच्या दाराने पहिल्यांदा शेडमध्ये गेली तर होडी नव्हती. जमिनीवर चाकांचे दोन चर तेवढे होते. ती स्वयंपाकघरात आली. ऑर्फा बिटाच्या रसात उकडलेली अंडी मुरत घालत होती आणि पाठ वळवून उभी होती. तिच्या पाठीवरूनच विल्डाला सगळं कळलं.

"कुठाय?" विल्डाने विचारलं.

"क्लेअरकडे आहे. सांभाळायला."

"कधीपर्यंत सांभाळायला?"

ऑर्फाने बरणीचं झाकण घट्ट केलं, पुन्हा उघडलं, पुन्हा घट्ट केलं. मग वळून म्हणाली की क्लेअरला ती होडी द्यायचं तिने कबूल केलंय, एप्रिल लागला की कागद त्याच्या नावावर करायचे. विल्डा दवाखान्यात होती तेव्हाच ठरलं. कुणीतरी ठरवायला नको का?

"होडी माझी आहे, ऑर्फा."

"होडी तुझी आहे आणि तू माझी आहेस. दोन्हीतलं एकच ठेवता येणार होतं. मी निवडलं."

विल्डा असल्या बोलण्याने गप्प होणाऱ्यातली नव्हती. ती म्हणाली, मेलेल्या माणसाचे कपडे वाटावेत तशी माझी होडी वाटून टाकलीस, आणि मी तर इथे उभी आहे. ऑर्फा म्हणाली, उभी आहेस ती माझ्या पायांवर, त्या दिवशी मी नसते तर? विल्डा म्हणाली, उपकार मोजून दाखव, मी फेडते. ऑर्फा म्हणाली, तुझं ते पान मला मोजता येत नाही. मग ती एप्रनने डोळे पुसत शेजारच्या खोलीत गेली आणि दोन दिवस दोघी मिठाच्या बरणीमार्फत बोलल्या. एकीने बरणी दुसरीकडे सरकवायची, एवढंच.

तिसऱ्या दिवशी विल्डाने मनाशी ठरवलं. एप्रिल लागायच्या आत हाताला मासा ओळखायला शिकवायचं. होडी परत मागायची ती रडून नव्हे, पुढच्या जागेवर उभं राहून.

तिने ऑर्फाला सांगितलं की दवाखान्यात व्यायाम करून घेणाऱ्या पोरीने बोटांसाठी एक व्यायाम सांगितलाय. हे साफ खोटं होतं. त्या पोरीने रबराचा चेंडू दाबायला सांगितला होता आणि तो चेंडू विल्डाने शेजारच्या कुत्र्याला देऊन टाकला होता. तिने स्वयंपाकघरातून बैठकीत, दाराखालून, गळाची दोरी टाकली. दोरीचं एक टोक ऑर्फाच्या खुर्चीशी. ऑर्फाने तिथे बसून घेवड्याच्या शेंगा सोलायच्या आणि मनात येईल तेव्हा दोरीला हलकेच ओढ द्यायची. विल्डाने इकडे टेबलापाशी काठी धरून, डोळे मिटून, ओढ कळली की 'हो' म्हणायचं.

पहिले काही दिवस स्वयंपाकघरातून हो आलाच नाही. ऑर्फा ओढायची आणि वाट बघायची. पुन्हा ओढायची. मग तिलाच वाईट वाटून ती दार ढकलून म्हणायची, मी ओढलंच नव्हतं हं आत्ता. विल्डाला ते खोटं कळायचं आणि तिचा जास्तच संताप व्हायचा. डाव्या हाताला ओढ कळायची, पण डावा हात दोरी गुंडाळायच्या रिळाची मूठ फिरवायला लागतो, आणि उजव्या हाताने ती मूठ फिरवू म्हटलं तर बोटं कधी निसटली तेही समजायचं नाही. काठी उजव्यातच धरायला हवी होती, आणि उजव्याला काही कळत नव्हतं. फेब्रुवारी असाच गेला.

मग एक दिवस दोरीला गाठ मारून उरलेलं टोक तोडायला तिने दोरी तोंडात धरली. तिकडे ऑर्फाला शेंगा सोलून कंटाळा आला होता. तिने सहज, बोटाच्या टोकाने, दोरीला स्पर्श केला. ओढसुद्धा नव्हती ती.

विल्डाच्या ओठातून ते दाढेपर्यंत गेलं. ती तशीच बसून राहिली. पलीकडे ऑर्फाने शेंगांचं पातेलं बाजूला ठेवलं, तेही तिला ओठात कळलं. ऑर्फाने मांडी बदलली, तेही.

"हो," विल्डा म्हणाली.

"मी काही केलं नाही," ऑर्फा आतून ओरडली.

"केलंस. खाज सुटली म्हणून पाय हलवलास."

ऑर्फाने वाकून दाराखालच्या दोरीकडे पाहिलं. मग म्हणाली, तुझ्या त्या व्यायामाच्या पोरीला सांग, भलताच गुण आलाय.

काठी उभी धरायची, रिळाजवळची दोरी खालच्या ओठावर टेकवायची आणि हलायचं नाही. विल्डाने हे बैठकीच्या दाराआड दहा-बारा दिवस घोटलं. ओठाची साल निघाली. ऑर्फाने विचारलं तर म्हणाली, वारा लागतो. घरात कसला वारा, असं ऑर्फा पुटपुटली आणि बापाच्या वेळचा सडांच्या मलमाचा हिरवा डबा तिच्यापुढे आपटून गेली.

मार्चच्या मध्याला नदी उतरली आणि पाणी निवळलं. विल्डा चालत क्लेअरच्या दुकानात गेली. म्हणाली, होडी तुझी व्हायच्या आधी एकदा मला फिरवून आण. क्लेअर तिच्याकडे बघायचं टाळत गळांचे डबे लावत होता. दवाखान्यापासून तो असाच वागत होता, तिच्याशी देवळात बोलावं तसं हळू बोलायचा. फिरवून आणतो, म्हणाला, पण ऑर्फाबाईंना विचारून. लहानपणी ऑर्फाने त्याला रविवारच्या शाळेत बायबल शिकवलेलं, त्यामुळे या वयातही तो तिला बाई म्हणायचा आणि तिच्यासमोर टोपी काढायचा.

ऑर्फाने परवानगी दिली, अटींसकट. दुपारपर्यंत परत. तरंगणारं जाकीट गळ्यापर्यंत बांधलेलं. आणि विल्डाने मागे बसायचं.

तर त्या सकाळी आमच्या नदीने एक नवलच पाहिलं. विल्डा शेलेनबर्गर तिच्याच होडीत मागे बसली होती. अंगावर फुगीर जाकीट, मांडीवर घोंगडी, हातात कॉफीचा थर्मास. पुढे तिच्या जागेवर क्लेअर उभा होता आणि मोटर इतकी हळू चालवत होता की दोन बदकं त्यांच्या पुढे गेली. काठावर कुणीतरी हात केला. विल्डाने परत केला नाही. रागाने तिचे कान तापले होते. सामान म्हणून नेतोय मला, तिला वाटलं, नदीला दाखवून परत आणायला.

क्लेअरने होडी जुन्या ईल-बांधाच्या वरच्या अंगाला धरली. हा दगडांचा बांध फार पूर्वी इथल्या मूळच्या लोकांनी ईल, म्हणजे सापासारखे लांब मासे, धरायला रचलेला, नांगराच्या फाळासारखा टोकदार. त्याच्या टोकामागे पाणी संथ पडतं आणि मार्चमध्ये बास तिथे गोळा होतात. क्लेअरने गळ टाकला. मागे बसून विल्डाला त्याची दोरी पाण्यात शिरते ती जागा स्वच्छ दिसत होती. काठीच्या कड्यांत बर्फ धरत होता आणि तो मध्येमध्ये काठी पाण्यात बुडवून तो वितळवत होता.

बराच वेळ काही नाही. मग दोरी किंचित जड झाल्यासारखी दिसली.

"पान," क्लेअर म्हणाला.

विल्डा दोरीकडे बघत होती. दोरी पाण्यात जिथे शिरत होती तो ठिपका हलला. खाली नाही, वर. धारेच्या विरुद्ध, दगडाच्या दिशेने, बोटभर.

"मार, क्लेअर."

"अगं, पान आहे. मऊ लागतंय."

"पान वर चाललंय होय रे?"

क्लेअरने हिसका मारला, पण वाक्यभर उशीर झाला होता. दोरी सैल येऊन होडीला चिकटली. टोकाला रिकामा गळ होता. पानाचा तुकडासुद्धा नव्हता त्याच्यावर.

विल्डाने घोंगडी काढून घडी केली. थर्मास ठेवला. मग ती उठून उभी राहिली.

"बस खाली," क्लेअर म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज देवळातला नव्हता. "पाणी बघितलंस किती गार आहे? त्या हाताने तोल गेला तर काय धरशील?"

"मी पुढे येतेय."

"विल्डा, नाही. त्या दिवशी तू पान म्हणालीस आणि मी ऐकलं. हसलो मी. गळ टाकत बसलो. तुझं तोंड माझ्या डोळ्यांदेखत वाकडं होत होतं आणि मी पाण्याकडे बघत होतो. आता पुन्हा नाही ऐकणार."

म्हणजे हे असं होतं तर. विल्डाला इतके महिने वाटत होतं की त्याला तिची होडी हवीय. त्याला होडी नको होती. होडी तिच्यापासून लांब ठेवायची होती, म्हणजे त्याला रात्री झोप लागली असती. तिला त्याची दया आली आणि त्याच वेळी रागही आला, आणि तिने राग निवडला कारण तो जास्त उपयोगाचा होता.

"ते पान माझं होतं, क्लेअर. माझ्या अंगातलं. म्हणाले मी, चुकले मी. त्याचं ओझं वाहायला तुला कुणी सांगितलं? आणि वाहायचंच असेल तर मागे बसून वाहा."

ती पुढे चालू लागली. आता आमच्या या होड्या पत्र्याच्या, सपाट आणि उथळ असतात. पुढच्या टोकावर एकच माणूस मावतं. दोन उभी राहिली की होडीचं नाक खाली जातं. विल्डा येऊन क्लेअरच्या शेजारी उभी राहिली आणि होडीचं नाक खाली गेलं. जुनिआटाचं मार्चमधलं पाणी काठावरून आत आलं आणि क्लेअरच्या बुटांत शिरलं. विल्डाच्याही शिरलं, पण ती हलली नाही. ती समोर बांधाकडे बघत उभी राहिली. पाणी आणखी आलं. क्लेअरने एक अर्वाच्य शब्द उच्चारला, जो ऑर्फाबाईंच्या रविवारच्या शाळेत शिकवलेला नव्हता, आणि मागे जाऊन बसला. होडी सरळ झाली.

पायाखालची मोटर विल्डाच्या पायाला ओळखीची होती. तिने होडी वळवून घेतली, क्लेअर थांबला होता त्यापेक्षा जरा बाजूला, आणि गळ टाकला. खांद्याला टाकणं आठवत होतं. मग तिने काठी उभी केली आणि दोरी ओठावर टेकवली. ओली दोरी बर्फासारखी लागली. साल निघालेल्या जागेवरच ती बसली, डोळ्यांत पाणी आलं. मागून क्लेअर म्हणाला, हे काय चालवलंयस? तिने उत्तर दिलं नाही, कारण बोललं तर ओठ हलतो.

गळ तळाला लागला ते तिला कळलं. तो एका दगडावरून घसरून वाळूत बसला, तेही. पलीकडच्या काठाने मालगाडी आली, लांबच लांब, आणि ती जाईपर्यंत ओठात नुसती थरथर राहिली. मग गाडी गेली आणि सगळं शांत झालं. प्रवाह केस हलवत होता. विल्डा काहीच करत नव्हती. नोव्हेंबरपासून पहिल्यांदा ती काहीच करत नव्हती आणि त्याचा तिला राग येत नव्हता.

मग काहीतरी मऊ आलं. ओलं, जरासं जड. अगदी पान.

तिने हिसका मारला.

दोरी ओठावरून सरकन गेली आणि कातडी कापून गेली. काठी वाकली आणि वाकलेलीच राहिली. गार पाण्यातला मासा उड्या मारत नाही, तो तळाशी बसतो आणि जागा सोडत नाही. विल्डाही सोडत नव्हती. उजव्या मुठीत काठी आहे की नाही ते कळायचा मार्ग नव्हता, म्हणून ती मुठीवर डोळे लावून होती आणि डाव्या हाताने इंच इंच दोरी आत घेत होती. हनुवटीवरून रक्त जाकिटावर ओघळत होतं. क्लेअर जाळं घेऊन गुडघ्यांवर बसला होता आणि सारखं "सैल सोड, सैल सोड" म्हणत होता. विल्डाने शेवटी सांगितलं, मागच्याने गप्प बसायचं असतं.

मासा वर आला तेव्हा क्लेअरने जाळं त्याच्याखाली घातलं. काळपट, तांब्याच्या जुन्या भांड्यासारखा रंग, लाल डोळा, अंड्यांनी टम्म पोट. अशी मादी दर वर्षी दिसत नाही. क्लेअरने ती जाळ्यातून काढून विल्डाच्या उजव्या हातात दिली, सवयीने. विल्डाने ती धरली. वजन खांद्याला कळलं. पण तळव्याला गार लागलं नाही, ओलं लागलं नाही, बुळबुळीत लागलं नाही. ती बघत होती की आपण मासा धरलाय. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. हात गेला तो गेला, हे तिला त्या क्षणी पक्कं कळलं. मग तिने डावा हात त्या मादीच्या पोटाखाली घातला, पाण्यात वाकून तिला धारेकडे तोंड करून धरलं आणि सोडून दिलं. मादी दगडाकडे गेली. विल्डा सरळ उभी राहिली, आणि दुपार होईपर्यंत पुढेच उभी राहिली.

धक्क्यावर ऑर्फा गाडी चालू ठेवून बसली होती. होडी येताना दिसली आणि ती उतरली. पुढे कोण उभं आहे ते तिने पाहिलं. मग हनुवटीवरचं रक्त पाहिलं, आणि तिचा चेहरा असा झाला की विल्डाला आपण केलेली सगळी बंडखोरी क्षणभर नकोशी वाटली.

"तोंड," ऑर्फा म्हणाली. "पुन्हा तोंड."

"ओठ फाटलाय नुसता. दोरीने. हे बघ, सरळ आहे." विल्डाने दात दाखवले.

क्लेअर भिजल्या बुटांनी धक्क्यावर चढला आणि त्याने टोपी काढली. "बाई, होडी मी घेणार नाही. ती माझी नाही. मी तिच्यात मागेच बरा."

ऑर्फाने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती विल्डाशी बोलत होती. एकदम, मोठ्याने, धक्क्यावरची माणसं वळून बघतील इतक्या मोठ्याने. "तू मेलीस तर मी कुणाशी भांडू गं? या वयात दुसरी बहीण कुठून आणू? तुला होडी दिसते, मला रोज सकाळी रिकामी खुर्ची दिसते. मी विकली असती, जाळली असती ती होडी, आणि मला काही वाटलं नसतं."

"मग मी पोहत गेले असते," विल्डा म्हणाली.

ते खरं होतं, आणि ऑर्फाला ते माहीत होतं. मग तिने पर्स उघडली. आत हिरवा डबा होता. म्हणजे सकाळी घरून निघतानाच तो घेतला होता. वाऱ्याची गोष्ट तिला एक दिवसही खरी वाटली नव्हती. दाराखालच्या त्या दोरीचं दुसरं टोक तिच्याच हातात होतं ना. तिने बोटावर मलम घेतलं आणि विल्डाच्या ओठाला लावलं, नको तेवढं दाबून.

"एक विचारते, सरळ सांग," ती म्हणाली. "अंगात कुठेही, हातात, पायात, तोंडात, मऊ काही वाटलं. पान आल्यासारखं. मग काय करायचं?"

विल्डाच्या ओठावर बोट होतं. ती तशीच बोलली.

"हिसका मारायचा."

"पानच असेल असं वाटलं तरी?"

"तरी मारायचा. फुकट असतो."

"हां." ऑर्फाने डब्याचं झाकण लावलं. डबा पर्समध्ये परत टाकण्याऐवजी ती वाकली आणि तो विल्डाच्या गळांच्या पेटीत, हरणाच्या केसांच्या पुडीशेजारी, नीट बसवला. आयुष्यात तिने काठी हातात धरली नव्हती. तिने क्लेअरच्या बुटांतून निथळणाऱ्या पाण्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"आणि उद्या जाशील तेव्हा याला मागेच बसव," ती म्हणाली. "याला अजून पान आणि मासा कळत नाही."